पीटीओ सुटत नाही? आधी इंजिन बंद, मग पाना

पीटीओ म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा, ट्रॅक्टरच्या मागचा फिरता शाफ्ट. चिखलणीच्या दिवसांत त्याबद्दल मला येणारे फोन साधारण सारखेच असतात. "लिव्हर मागे घेतला, पण रोटाव्हेटरचा रोटर फिरायचा थांबत नाही. काय करू?" बोलणाऱ्याच्या मागे इंजिनचा आवाज येत असतो. म्हणजे माणूस चालू ट्रॅक्टरजवळ उभा आहे, पायाखाली खाचरातला निसरडा चिखल आहे आणि हातभर अंतरावर शाफ्ट फिरतोय. बाकी काही विचारण्याआधी मी त्याला इंजिन बंद करायला लावतो.

पीटीओ न सुटण्याची दुरुस्ती बहुतेक जण उलट्या क्रमाने करतात. आधी लिव्हरवर हातोडा, मग क्लच खोलायचा निर्णय, आणि पेडलखाली वाकून बघणं सर्वांत शेवटी. खरं तर दोष कुठे आहे हे शोधण्याचं बरंचसं काम बंद इंजिनवर, नुसत्या हातांनी होतं. आपल्या कोकणात हे जास्तच महत्त्वाचं, कारण चांगला मेकॅनिक लांबच्या तालुक्याहून नाहीतर घाट उतरून येणार, आणि तोवर तरव्यातलं आवण (भाताची रोपं) जून होणार. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधला टप्पा गाळला की पुढच्या टप्प्यावरचं उत्तर फसवं येतं.

## शाफ्ट आत्ता फिरतोय? मग आधी हे

1. सीटवरून उतरू नका, मागे वळून हात घालू नका.
2. हाताची रेस पूर्ण कमी करा.
3. क्लच पेडल तळाला टेकेपर्यंत दाबा आणि दाबूनच ठेवा.
4. इंजिन बंद करायची दांडी ओढा. जुन्या डिझेल ट्रॅक्टरवर नुसती चावी फिरवून इंजिन बंद होत नाही. चावी काढली म्हणजे झालं, असं समजून उतरणारे मी पाहिले आहेत.
5. शाफ्ट पूर्ण थांबलेला डोळ्यांनी बघा. मगच चावी काढून खिशात टाका आणि उतरा.

दांडी ओढूनही इंजिन बंद होत नसेल तर ट्रॅक्टरच्या पुढेमागे कुणी नाही याची खात्री करा. सर्वांत वरचा गिअर टाका, दोन्ही ब्रेक एकत्र घट्ट दाबा आणि रेस कमी ठेवून क्लच सोडा. इंजिन गुदमरून बंद पडतं.

सावधान: पीटीओचा प्रमाण वेग मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला 9. अवजाराला जोडणारा शाफ्ट साडेसात सेंटिमीटर जाडीचा धरला, तर त्यावर एका सेकंदात दोन मीटरहून जास्त कापड गुंडाळलं जातं. हात मागे घ्यायला तेवढा वेळ पुरत नाही. आपल्याकडे पावसात कमरेला सुतळीने बांधलेला प्लास्टिकचा कागद, खांद्यावरचा पंचा, लुंगी, लावणीला आलेल्या बायकांचे पदर हे सगळं शाफ्टच्या आसपास असतं. ट्रॅक्टर चालू असेल तर यातलं काहीही अंगावर घेऊन मागच्या बाजूला जायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाला जाऊ द्यायचं नाही.

## टप्पा 1: तुमचा पीटीओ कोणत्या प्रकारचा आहे

हे माहीत नसताना केलेली प्रत्येक तपासणी वाया जाते. प्रकार मुख्यतः तीन.

सिंगल क्लचवरचा पीटीओ. एकच क्लच, एकच प्लेट. पेडल दाबलं की चाकं आणि पीटीओ दोन्हींची ताकद तुटते. जुन्या आणि काही छोट्या ट्रॅक्टरांवर हा दिसतो.

ड्युअल क्लच. पेडल एकच, पण दोन पायऱ्यांचं. अर्ध्यावर दाबलं की चाकं थांबतात, तळापर्यंत दाबलं की पीटीओही थांबतो. अर्ध्यावर पायाला एक घट्टपणा जाणवतो, आणि बऱ्याच जणांचा पाय तिथेच थांबतो. नव्या ड्रायव्हरच्या हातात "पीटीओ सुटत नाही" ही तक्रार सुरू झाली की मी आधी सीट पुढे सरकवून बघायला सांगतो.

स्वतंत्र पीटीओ. याला वेगळा हातलिव्हर किंवा बटण असतं, पायाच्या क्लचशी संबंध नसतो. यात पुन्हा दोन जाती आहेत: दांडीने चालणारा आणि ऑइलच्या दाबावर चालणारा. बटण असेल तर तो ऑइलवरचा धरून चाला.

याशिवाय काही ट्रॅक्टरांच्या पीटीओ लिव्हरला चाकांच्या वेगावर शाफ्ट फिरवणारी एक जागा असते. लिव्हर चुकून तिथे पडला तर ट्रॅक्टर उभा असताना शाफ्ट शांत, आणि ट्रॅक्टर हलला की शाफ्ट फिरतो. हा बिघाड नव्हे. लिव्हर न्यूट्रलला आणला की विषय संपला.

तपासा: मॅन्युअलमधलं पीटीओचं पान उघडून लिव्हरच्या सगळ्या जागा एकदा मोजा. मॅन्युअल हरवलं असेल तर त्याच मॉडेलचा ट्रॅक्टर असलेल्या शेजाऱ्याकडून त्या पानाचा फोटो मागवा. पुढे लागणारी मापंही त्यातच मिळतील.

## टप्पा 2: तयारी

ट्रॅक्टर खाचरात किंवा बांधावर ठेवून हे काम करायचं नाही. सपाट, कोरड्या, घट्ट जागेवर आणा. अवजार खाली टेकवा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, चारही मोठ्या-छोट्या चाकांना पुढून-मागून आधार द्या. जांभ्याचे तुटके चिरे यासाठी छान बसतात, फक्त गोल गुळगुळीत दगड नको.

हाताशी ठेवा: पान्यांचा संच, पक्कड, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, ग्रीस गन, बॅटरी (टॉर्च), फूटपट्टी, खडू आणि नव्या स्प्लिट पिना. पिना मुद्दाम लिहितोय. जुनी पिन सरळ करून परत घालायची सवय हेच निम्म्या दांड्यांच्या बिघाडांचं मूळ असतं.

सोबत दुसरा माणूस हवाच. एक पेडलवर, एक मागे. दोघांत शब्द आधी ठरवा: "दाबलं", "सोडलं", "हात बाहेर". चावी नेहमी मागे काम करणाऱ्याच्या खिशात.

आता अवजाराचा शाफ्ट ट्रॅक्टरच्या बाजूने काढा. लॉक पिन दाबून तो मागे सरकायला हवा. सरकत नसेल, किंवा लिव्हर जागचा हलत नसेल, तर पुढचा टप्पा तुमच्यासाठी आहे. शाफ्ट सहज निघाला आणि लिव्हरही हलला तर सरळ टप्पा 4 वर जा.

## टप्पा 3: लिव्हर जागचा हलतच नाही

हातोड्याचा मोह होतो तो इथेच.

रोटाव्हेटरच्या पात्यांत मूळ, दोर किंवा दगड अडकून तो अचानक थांबला की शाफ्टमध्ये पीळ राहतो. इंजिन बंद झालं तरी पीळ सुटत नाही. आतले दाते एकमेकांत ताणाने रुतून बसलेले असतात, त्यामुळे लिव्हर कितीही ओढा, येत नाही. लिव्हर वाकतो, आतला फाटा (दाते सरकवणारा भाग) वाकतो, आणि साध्या अडकण्याचं गिअरबॉक्स खोलण्यात रूपांतर होतं.

1. इंजिन बंद, चावी खिशात, रोटाव्हेटर उचलून त्याखाली लाकडी ओंडके. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही.
2. अडकलेली वस्तू काढा. हातमोजे घाला, पाती धारदार असतात.
3. एकाने क्लच पेडल तळापर्यंत दाबावं. स्वतंत्र पीटीओ असेल तर त्याचा हातलिव्हर शक्य तेवढा बंदच्या दिशेला ओढून धरावा.
4. दुसऱ्याने लाकडी दांड्याच्या टेकूने रोटाव्हेटरचा रोटर उलटा फिरवावा, अगदी थोडा. पीळ सुटला की शाफ्टमध्ये ढिलेपणा लगेच हाताला कळतो.
5. आता लिव्हर दोन बोटांनी ओढून बघा. बहुतेक वेळा येतो.

सावधान: रोटर सुटताना झटका देतो. दांडा दोन्ही हातांनी धरा आणि तोंड त्याच्या रेषेत ठेवू नका.

पीळ नसतानाही लिव्हर हलत नसेल, तर त्याच्या बाहेरच्या सांध्यांत गंज आहे. खाडीकाठच्या गावांत उन्हाळाभर उघड्यावर राहिलेल्या ट्रॅक्टरवर हे नेहमीचं आहे. गंजाचा स्प्रे मारा, अर्धा तास थांबा, लिव्हर थोडा पुढे, थोडा मागे, असा हळूहळू मोकळा करा.

## टप्पा 4: बंद इंजिनवरच्या दोन परीक्षा

माझ्या मते सगळ्या कामाचं मर्म इथे आहे. या दोन परीक्षा नीट केल्या तर दोष लिव्हरच्या बाजूला आहे की क्लचच्या, हे पाच मिनिटांत कळतं. ऑइलवरच्या पीटीओला या लागू नाहीत. त्यात ब्रेक असू शकतो, त्यामुळे शाफ्ट जड लागला तरी त्यातून काही ठरत नाही. त्यांनी टप्पा 8 बघा.

पीटीओचा शाफ्ट नुसत्या हाताने फिरवणं अवघड जातं. जुन्या जोडशाफ्टचं ट्रॅक्टरकडचं टोक, म्हणजे खाचांचा भाग आणि त्याचा काटा, शाफ्टवर बसवलं तर छान मूठ मिळते. पाइपपाना थेट खाचांवर लावू नका. खाचा दुखावल्या की पुढे जोडशाफ्ट चढत नाही.

पहिली परीक्षा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, पीटीओ लिव्हर बंद जागेवर, पेडलवर कुणाचा पाय नाही. शाफ्ट फिरवा.

- सहज फिरला, थोडा जड पण सलग: आतली जोडणी खरोखर सुटली आहे. लिव्हरची बाजू ठीक.
- फिरताना दम लागतो, दाब येऊन थांबतो: तुम्ही इंजिनच फिरवताय. लिव्हर बंद दाखवतोय, पण आतून पीटीओ जोडलेलाच आहे. दोष लिव्हर, दांडी किंवा आतल्या फाट्यात. टप्पा 6.

दुसरी परीक्षा. आता पीटीओ लिव्हर चालू जागेवर टाका. इंजिन बंदच, गिअर न्यूट्रलच. एकाने क्लच पेडल तळापर्यंत दाबून धरावं. हातलिव्हरचा स्वतंत्र पीटीओ असेल तर पेडलऐवजी त्याचा क्लच-लिव्हर. दुसऱ्याने शाफ्ट फिरवावा.

- फिरला: क्लच सुटतोय.
- इंजिनचा दाब लागून अडला: क्लच सुटत नाही. आधी टप्पा 6, त्यानंतर टप्पा 7.

पहिल्या परीक्षेत पास आणि दुसऱ्या परीक्षेत नापास, हे पावसाळ्यानंतर पहिल्यांदा बाहेर काढलेल्या ट्रॅक्टरवर हमखास दिसतं. अशा वेळी माणूस म्हणतो की लिव्हर खडखड करतो, पीटीओ टाकता येत नाही आणि काढताही येत नाही. दोष लिव्हरचा वाटतो, असतो क्लचचा.

तपासा: परीक्षा झाल्यावर ती मूठ शाफ्टवरून काढून ट्रॅक्टरपासून लांब ठेवली का? तशीच राहिली आणि इंजिन चालू झालं तर ती गोळीसारखी सुटते. मी मूठ काढून सीटवर ठेवतो. सीटवर असेल तर ती उचलल्याशिवाय कुणी बसू शकत नाही.

एक उपयोगी खूण अशी. काही ट्रॅक्टरांत लिफ्टचा पंप पीटीओच्याच वाटेवरून फिरतो. अशा ट्रॅक्टरवर पेडल तळापर्यंत दाबलं की लिफ्टसुद्धा थांबायला हवी. पेडल तळाला असतानाही लिफ्ट वर चढत असेल, तर पीटीओचा क्लच सुटत नाही हे सीटवर बसूनच कळतं.

## टप्पा 5: चालू इंजिनवर, लांबून

हा टप्पा फक्त वरची पहिली परीक्षा पास झाली असेल तरच.

शाफ्टच्या टोकावर खडूची एक जाड रेघ मारा. वरचं लोखंडी आवरण जागेवर बसवा. अवजार जोडलेलं नको. एकाने सीटवर बसून पीटीओ बंद, गिअर न्यूट्रल ठेवून इंजिन कमी रेसवर चालू करावं. दुसऱ्याने बाजूने, चार-पाच पावलं लांबून रेघेकडे बघावं.

रेघ स्थिर असेल तर उत्तम. रेघ हळूहळू फिरत असेल तर घाबरू नका. आतलं ऑइल, विशेषतः गार असताना, शाफ्टला थोडं ओढत नेतं. हे ओढणं आहे की खरी ताकद, ते ओळखायला इंजिन बंद करून रोटाव्हेटर जोडा, जमिनीवर टेकवा आणि पुन्हा कमी रेसवर चालू करा. नुसतं ओढणं असेल तर टेकलेला रोटर हलणार नाही. रोटर जमीन उकरायला लागला तर पीटीओ खरंच जोडलेला आहे. लगेच बंद करा आणि टप्पा 6 वर जा.

सावधान: हळू फिरणारा शाफ्ट हाताने, पायाने किंवा काठीने थांबवून बघू नका. "नुसता ओढतोय, ताकद नाही" हे हात घालून ठरवायचं नसतं.

आणखी एक गोष्ट बिघाड समजली जाते. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरवर पेडल दाबलं तरी ट्रॅक्टर पुढे सरकत राहतो, विशेषतः गवत कापणारं यंत्र किंवा रोटाव्हेटर पूर्ण वेगात असताना. इथे अवजाराच्या फिरण्यात साठलेली ताकद शाफ्टमधून उलट येऊन चाकांना ढकलते. बांधाच्या कडेला, कातळउतारावर हे जिवावर बेतू शकतं. यावर क्लच दुरुस्तीचा काही उपयोग नाही. शाफ्टवर एकाच दिशेने ताकद देणारा ओव्हररन कपलर बसवावा लागतो. तो बसवेपर्यंत बांधाजवळ येण्याआधी रेस कमी करा आणि अंतर राखा.

## टप्पा 6: पेडल, पिना, दांड्या

आता वाका आणि पेडलखाली बघा.

चिखलणीनंतर पेडलच्या मागे आणि पायठाणाखाली जांभ्या मातीचा चिखल साठतो. वाळला की विटेसारखा कडक होतो. पेडल "तळाला" टेकतं खरं, पण ते चिखलावर टेकतं, आणि ड्युअल क्लचची दुसरी पायरी येतच नाही. कुणी पायाखाली टाकलेलं रबरी मॅट, सीटखाली कोंबलेलं पोतं, हेही तेच करतं. आधी पाणी मारून, खरवडून सगळं साफ करा आणि टप्पा 4 ची दुसरी परीक्षा पुन्हा घ्या. एवढ्यावरच काम झालं तर पुढे जाण्याची गरज नाही.

नाही झालं तर क्रमाने:

1. पेडलचा मोकळा खेळ. पेडल हाताने दाबा. जिथपर्यंत ते मोकळं जातं आणि जिथून जड लागतं, ते अंतर फूटपट्टीने मोजा. बऱ्याच ट्रॅक्टरांवर ते 20 ते 30 मिलिमीटरच्या आसपास असतं, पण आकडा मॅन्युअलचाच धरा. खेळ जास्त असेल तर पेडल तळाला जाऊनही क्लच पूर्ण सुटत नाही. दांडीवरचं चेकनट सैल करून खेळ जुळवा, चेकनट परत घट्ट करा, आणि पुन्हा मोजा. खेळ शून्यावर आणू नका. मग बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि क्लच जळतो.
2. पिना आणि भोकं. दांडीच्या प्रत्येक सांध्यातली पिन बघा. झिजून भोक लांबट झालं असेल तर पेडलची हालचाल तिथेच वाया जाते. एका आंब्याच्या बागेत फवारणीचा पंप थांबत नाही म्हणून मला बोलावलं होतं. लिव्हरच्या सांध्यात पिनेऐवजी खिळा वाकवून घातला होता. तो झिजून दोऱ्याएवढा बारीक झाला होता. लिव्हर पूर्ण मागे येत होता, आतला लोखंडी हात (आर्म) निम्माच सरकत होता. मोहोरावर औषध मारायच्या दिवसांत त्या माणसाचे दोन दिवस गेले होते.
3. लिव्हरचं दुसरं टोक. एकाने लिव्हर चालू-बंद करावा, दुसऱ्याने गिअरबॉक्सवर जिथे दांडी आत शिरते तिथला लोखंडी हात बघावा. लिव्हर सरकतो पण हात सरकत नाही: दोष मधल्या दांडीत, तो तुम्ही काढू शकता. हातही पूर्ण सरकतो आणि तरी पहिली परीक्षा नापास: आतला फाटा वाकलाय किंवा सरकणारी जोडणी अडकली आहे. तिथे थांबा. ते मेकॅनिकचं काम आहे.

तपासा: जे काही बदललं, त्यानंतर टप्पा 4 ची दोन्ही परीक्षा पुन्हा. एका वेळी एकच गोष्ट बदला. खेळ, पिन आणि दांडी तिन्ही एकदम हलवलं की नेमकं काय चुकलं होतं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं.

ड्युअल क्लचमध्ये पीटीओच्या पायरीची स्वतंत्र जुळवणीही असते, क्लच हाउसिंगच्या (क्लचवरच्या लोखंडी कवचाच्या) खिडकीतून. तिथे प्लेट सोडवणाऱ्या तीन लोखंडी बोटांचं (छोट्या लिव्हरांचं) अंतर एकसारखं असावं लागतं. मापपट्टी आणि मॅन्युअलचं माप नसेल तर त्या बोल्टना हात लावू नका. एक बोट पुढेमागे झालं तरी प्लेट तिरकी सुटते.

## टप्पा 7: चिकटलेली क्लच प्लेट

पेडल ठीक, दांडी ठीक, तरी दुसरी परीक्षा नापास. ट्रॅक्टर दोन-चार महिने उभा होता. मग प्लेट गंजाने चिकटली असण्याची शक्यता सर्वांत जास्त. आपली दमट, खारी हवा यासाठी पुरेशी आहे. पाणी आत जायचीही गरज नाही.

पायऱ्या सौम्यापासून कडक अशा घ्या.

1. इंजिन बंद. पेडल तळापर्यंत दाबून पेडल आणि सीटच्या चौकटीत लाकडाचा तुकडा अडकवा. रात्रभर ठेवा. सकाळी पीटीओ चालू जागेवर टाकून, मूठ लावून शाफ्ट दोन्ही दिशांना हिसके देत फिरवा. कधी "टक्" असा आवाज होऊन प्लेट सुटते.
2. नाही सुटली तर मूठ आणि लाकूड काढा, पीटीओ बंद करा, इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम होऊ द्या. बंद करा. पहिली पायरी गरम असतानाच पुन्हा करा.
3. शेवटचा उपाय भार देण्याचा. मोकळं, सपाट, घट्ट शेत निवडा, बांध लांब असू दे, पन्नास पावलांत कुणी नको. रोटाव्हेटर जोडा आणि जमिनीपासून थोडा वर धरा. पीटीओ लिव्हर इंजिन बंद असतानाच चालू जागेवर टाका. इंजिन चालू केलं की रोटर लगेच फिरायला लागेल, त्याची तयारी ठेवा. खालच्या गिअरमध्ये, मध्यम रेसवर रोटाव्हेटर जमिनीत उतरवा. चालत असताना क्लच एकदम तळापर्यंत दाबा आणि त्याच वेळी दोन्ही ब्रेक दाबा. जमिनीचा भार प्लेटला थांबवायला बघतो. तीन-चार सेकंद धरा, सोडा, पुन्हा करा. आठ-दहा वेळा झाल्यावर सुटली नाही तर थांबा.

काही ट्रॅक्टर पीटीओ चालू असताना स्टार्टच होत नाहीत. ती सुरक्षेची सोय आहे. वायर जोडून ती चुकवू नका. अशा ट्रॅक्टरला तिसरी पायरी नाही, त्याने मेकॅनिक गाठावा.

सर्रास होणारी चूक: खिडकीतून डिझेल, रॉकेल किंवा ऑइल ओतणं. गंज सुटेल न सुटेल, पण प्लेटचं अस्तर ते पिऊन बसतं आणि नंतर क्लच घसरायला लागतो. मग प्लेट बदलण्याशिवाय उपाय राहत नाही.

## टप्पा 8: ऑइलवर चालणारा पीटीओ

यात ऑइलचा दाब आला की पीटीओ जोडला जातो, दाब गेला की स्प्रिंग त्याला सोडवते. म्हणजे सुटत नसेल तर एकतर दाब जात नाही, किंवा दाब जाऊनही प्लेटा सुटत नाहीत.

आधी ऑइलचा गज काढून रंग बघा. दुधाच्या चहासारखा रंग म्हणजे आत पाणी गेलं आहे. खोल चिखलणीनंतर पीटीओच्या सीलजवळ गवत, पेंढा, नायलॉनची सुतळी गुंडाळलेली असते. सील तिने कापलं जातं आणि तिथूनच पाणी शिरतं. असं ऑइल असेल तर ते आणि फिल्टर बदलल्याशिवाय पुढचं काही तपासू नका. पातळी आणि ऑइलचा प्रकारही मॅन्युअलप्रमाणेच.

मग वीज. इंजिन बंद असताना पीटीओच्या व्हॉल्व्हवरचा विजेचा कनेक्टर काढा. अवजार न जोडता, सीटवर बसून इंजिन चालू करा. बहुतेक ट्रॅक्टरांवर वीज गेली की पीटीओ बंद होतो. आता शाफ्ट थांबला असेल तर दोष बटण, रिले किंवा वायरमध्ये आहे. बटणात पावसाचं पाणी जाऊन आत हिरवट गंज धरणं हे आपल्याकडचं नेहमीचं कारण. शाफ्ट तरीही फिरत असेल तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा प्लेटा चिकटल्यात. तिथून पुढे घरगुती उपाय नाही.

## टप्पा 9: मेकॅनिकला फोन करताना

"पीटीओ खराब झालाय" एवढंच सांगितलं तर तो हात हलवत येतो, बघतो आणि सामान आणायला परत जातो. फेरी वाचवायची तर हे सांगा: मॉडेल आणि वर्ष, पीटीओचा प्रकार, टप्पा 4 च्या दोन्ही परीक्षांचा निकाल, पेडलचा मोकळा खेळ किती मिलिमीटर, ट्रॅक्टर किती दिवस उभा होता, ऑइलचा रंग. गिअरबॉक्सवरच्या लोखंडी हाताचा एक छोटा व्हिडिओ पाठवा, लिव्हर हलताना. यावरून जाणकार माणूस प्लेट, बेअरिंग, फाटा यांपैकी काय सोबत घ्यायचं ते ठरवू शकतो. ट्रॅक्टर मधून तोडावा (म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे) लागणार असेल तर छपराखालची पक्की जागा आधीच मोकळी करून ठेवा. पावसात उघड्यावर क्लच खोलू देऊ नका.

तोवर ट्रॅक्टर वापरायचा झाला तर अवजाराचा जोडशाफ्ट काढून, पीटीओच्या टोकावर टोपी लावून, फक्त ओढकामाला. तेही पहिली परीक्षा पास असेल तरच.

## टप्पा 10: पुन्हा चिकटू नये म्हणून

क्लच हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं. बऱ्याच ट्रॅक्टरांसोबत त्यासाठी बूच येतं. चिखलणीला उतरताना ते लावायचं, म्हणजे खाचरातलं पाणी आत जात नाही. चिखलणी संपली की काढायचं, म्हणजे आतला ओलावा आणि गळालेलं ऑइल बाहेर पडतं. लोक लावतात आणि विसरतात. मग आत साठलेलं पाणी पावसाळाभर प्लेटला गंजवत राहतं. लावणी आटोपली की त्याच दिवशी बूच काढा, आणि भोक मातीने बुजलेलं असेल तर तारेने मोकळं करा.

पीटीओच्या खाचा धुऊन, पुसून, ग्रीस लावून टोपी घाला. सीलभोवती गुंडाळलेली सुतळी ब्लेडने कापून काढा, ओढू नका.

ट्रॅक्टर महिन्याहून जास्त उभा राहणार असेल तर क्लच पेडल तळापर्यंत दाबून लाकूड अडकवून ठेवा. प्लेट आणि तिला दाबणारा भाग वेगळे राहिले की चिकटत नाहीत. ड्युअल क्लचमध्ये दुसरी पायरीही पूर्ण दाबली गेली आहे हे बघा, नाहीतर चाकांची प्लेट वाचते आणि पीटीओची चिकटते. लाकूड तसंच असताना कुणी स्टार्टरला हात लावू नये म्हणून मी ट्रॅक्टरची चावी त्या लाकडालाच सुतळीने बांधून ठेवतो.